थांबणं म्हणजे राग गिळणं नव्हे

काका, नमस्कार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: भांडणात ‘वीस मिनिटं थांबा’ हा सल्ला म्हणजे राग गिळायला सांगणं, आणि मधेच उठून जाणं म्हणजे अबोला धरणं. धाकट्या भावाशी दुकानाच्या हिशेबावरून वाजलं की तुम्ही सूरसागर तलावाला भराभर दोन चकरा मारता, पण परतेपर्यंत राग दुप्पट झालेला असतो. त्यापेक्षा तिथल्या तिथे बोलून मोकळं झालेलं बरं.

आधी चकरांचं बघू. रागात नाडी आणि श्वास आधीच वाढलेले असतात, भराभर चालल्याने ते आणखी वाढतात. शिवाय चालताना मनात भांडण सुरूच: ‘तो असं म्हणाला, मी असं सुनवायला हवं होतं.’ मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये 600 विद्यार्थ्यांवर याचाच प्रयोग केला. चिडवणाऱ्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाला. 2024 मध्ये 154 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही शरीर शांत करणारे उपायच कामी आलेले दिसले. बोलून टाकल्यावर हलकं वाटतं हे तुमचं खरंच आहे, आणि म्हणूनच ती सवय सुटत नाही. पण हलके तुम्ही होता. भाऊ मात्र ते शब्द घेऊन घरी जातो.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या जोडप्यांवरील कामातून दिसलं की भांडणात नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं म्हणणं नीट ऐकूच येत नाही. भाऊ ‘बिल कुठंय?’ एवढंच विचारतो आणि तुम्हाला चोरीचा आरोप ऐकू येतो. शरीर ताळ्यावर यायला निदान वीस मिनिटं लागतात. मनात भांडण घोळवलं तर ती फुकट जातात.

म्हणून बसा. पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणा. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, असं पाच मिनिटं. मग पेपर वाचा, माल लावा. तिसऱ्याला फोन करून तेच गाऱ्हाणं सांगू नका, राग पुन्हा चढतो.

अबोल्याबद्दलचा तुमचा आक्षेप मात्र रास्त आहे. काही न सांगता उठून गेलात तर तो अबोलाच. उठतानाच वेळ सांगा: ‘आत्ता माझं डोकं तापलंय, साडेसातला बसून बोलू.’ आणि साडेसातला खरंच बसा, गिऱ्हाईक नि नोकरांसमोर नाही.

बोलताना घडलेली एक गोष्ट, तिचा परिणाम आणि मागणी, एवढंच: ‘सोमवारी गल्ल्यातून काढलेले पैसे वहीत नाहीत, त्यामुळे व्यापाऱ्याला द्यायची रक्कम कमी पडली. काढलेस की त्याच दिवशी लिही.’ ‘तू नेहमीच असं करतोस’ म्हटलंत की तो न केलेला एक दिवस शोधून काढेल आणि पैशांचा विषय तिथेच बुडेल. ‘मला वाटतं तू बेजबाबदार आहेस’ हेही चालणार नाही. ‘मला वाटतं’ जोडलं म्हणून आरोप सौम्य होत नाही. मग त्याला बोलू द्या आणि उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगून ‘असंच ना?’ विचारा. बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

साडेसातलाही नाडी चढलेली असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवा, पण ढकलायचं एकदाच.