‘व्हीए’ नंबर म्हणजे रेसचा परवाना नव्हे

हा मेसेज मी दोनदा वाचून सोडून दिला होता. मग भाच्याने तोच पाठवून विचारलं, “मामा, जुनी आरएक्स १०० बाईक घेऊन टाकू का? नंतर घाटात रेसही मारता येईल कायदेशीर.” आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

मेसेजचा मजकूर असा: जुन्या आरएक्स १००, राजदूत ३५०, येझदी आता सगळ्या व्हिंटेज. ‘व्हीए’ नंबर (व्हिंटेज गाडीच्या प्लेटवरची खास अक्षरं) घ्या, मग रस्त्यावर रेस लावली तरी पोलीस अडवू शकत नाहीत. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, जुनी असली की इंजिन कुठलंही चालतं. इन्शुरन्स माफ. आणि परदेशातल्या हिस्टॉरिक रेसमध्ये फक्त शंभर टक्के ओरिजिनल गाडी घेतात, म्हणून ‘हात न लावलेल्या’ गाडीला सोन्याचा भाव. खाली अर्थातच एका विक्रेत्याचा फोन नंबर.

आधी रस्त्यावरच्या रेसचं बघू, कारण यात पोरं मरतात. व्हिंटेज गाड्यांची तरतूद जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली. ती वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. तिथे स्पष्ट लिहिलंय की ही गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे साध्या गाडीला जेवढी मोकळीक असते, त्याहून हिला कमीच. रेसचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वेगाची शर्यत लावली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा तिथेही दोन्ही. या कलमात गाडी जुनी की नवी याची विचारपूसच नाही. ताम्हिणीत वळणावर समोरून एसटी आली, तर तीही नंबरप्लेट वाचत बसणार नाही.

बरं, एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. रॅलीला परवानगी आहे, आणि ‘रॅली’ ऐकून कुणाच्या तरी डोक्यात ‘रेस’ शिरली असणार. पण व्हिंटेज रॅली म्हणजे धोतर-फेटा घालून, हात हलवत, मागच्यांचा धूर खात केलेली मिरवणूक. तिथे गाडी बंद न पडता मुक्कामी पोचली तरी टाळ्या पडतात.

आता वयाचं. नियमाला लागतात पन्नास वर्षं, आणि तीही पहिल्या नोंदणीपासून. आरएक्स १०० भारतात आली १९८५ साली. अगदी पहिल्या खेपेतली असली तरी २०३५ उजाडावं लागेल. भाच्याने बघून ठेवलेली गाडी १९९४ ची आहे. करा हिशोब. राजदूत ३५० सुद्धा १९८३ ची.

इंजिन कुठलंही चालतं? त्याच नियमात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. इन्शुरन्स माफ? अर्जालाच पॉलिसी जोडावी लागते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. माफ काहीच नाही.

राहिलं परदेशातल्या रेसचं, आणि इथे मेसेज लिहिणाऱ्याने कमाल केली आहे. आपला आरटीओ विचारतो, ही गाडी पहिल्यांदा कधी नोंदली? क्लासिक रेसवाले विचारतात, हिची रचना कुठल्या काळातली? बाईकच्या शर्यतींसाठी गाजलेल्या आयल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावर क्लासिक गटासाठी १९७२ अखेरची मर्यादा लावली जाते, पण ती रचनेला, गाडी कधी बनली त्याला नव्हे. त्या रचनेची इमानदार नक्कल चालते. मँक्स नॉर्टन या ब्रिटिश रेसबाईकचं मूळ उत्पादन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं, तरी इंग्लंडमध्ये त्या आजही नव्याने बनतात आणि शर्यतीत पळतात. इटलीची पॅटन कंपनी १९६० च्या दशकातली आपली ५०० सीसीची गाडी अजून घडवते. ब्रिटिश रेसर जॉन मॅकगिनेसने २०१८ ची सिनियर क्लासिक टीटी, म्हणजे याच बेटावरची जुन्या बाईकची शर्यत, पॅटनवरच जिंकली. म्हणजे पाच वर्षांपूर्वी बनलेली गाडी तिथे ‘हिस्टॉरिक’ म्हणून उभी राहू शकते, आणि आपल्या आरटीओत तिला व्हिंटेज म्हणून कुणी दारातही उभं करणार नाही.

शिवाय रेसची गाडी ‘हात न लावलेली’ असूच शकत नाही. सुरू होण्याआधी तपासनीस तेलाचा ड्रेन प्लग तारेने बांधलाय का ते बघतात, कारण तो निसटून ट्रॅकवर तेल सांडलं की मागचे सगळे आडवे. ती तार ओवायला प्लगला भोक पाडावं लागतं. मग न उघडलेल्या नटबोल्टांचे जास्तीचे पैसे हा विक्रेता नेमके कुठल्या रेससाठी मागतोय?