सकाळी काही जाणवतच नाही, सर

साताऱ्यात आम्ही पाच-सहा जण रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो. सगळे पन्नाशी-साठीतले. वर मंगळाईच्या देवळापाशी बसलो की गुडघे निघतात, शुगर निघते, कुणाची अँजिओप्लास्टी निघते. रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं हेसुद्धा आम्ही एकमेकांना सांगतो. गेल्या आठवड्यात त्यातला एक जण उतरताना मुद्दाम मागे रेंगाळला आणि पायाखाली बघत म्हणाला, "सर, वर्ष झालं, सकाळी काही जाणवतच नाही. वय झालं म्हणायचं का?"

तो ५२ वर्षांचा आहे. त्याला विचारून हे लिहितोय. सात वर्षांपूर्वी हाच, पहाटे लिंगाला ताठरता न येण्याचा, प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो कुणालाच विचारला नव्हता.

तेव्हा मी ५४चा होतो. पहाटे जाग येताना लिंग ताठ असणं हे वयात आल्यापासूनचं. त्याच्याकडे कधी लक्षही गेलं नव्हतं. ते आधी कमी झालं, मग बंदच झालं. बायकोजवळ गेलो तरी जमेना. दोन-तीनदा असं झाल्यावर मी रात्री बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. उकडतं म्हणून सांगायचो. डिसेंबर आला तरी मी बाहेरच. आपलं काय चुकलं याचा विचार ती बिचारी वर्षभर करत होती, हे मला फार उशिरा कळलं.

पायाची एक जखम भरेना म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जखम पाहिली, तहान-लघवीचं विचारलं आणि मग अगदी सहज विचारलं, "सकाळी उठताना ताठरता येते का?" बायको शेजारीच बसली होती. मी गप्प. तीच म्हणाली, "नाही येत डॉक्टर. वर्ष झालं असेल." रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर २१२.

मी २८ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलंय. प्रजननाचा धडा दर वर्षी घेतला, पण सकाळी हे का होतं ते मलाही नीट माहीत नव्हतं. लघवी तुंबल्यामुळे होतं, अशीच माझी समजूत. तसं नाही. झोपेत स्वप्नं पडण्याचा जो टप्पा असतो, ज्याला रेम झोप म्हणतात, त्या टप्प्यात निरोगी पुरुषाला रात्रीत तीन ते पाच वेळा ताठरता येते, एकेका वेळी साधारण अर्धा तास. जाग येताना जाणवते ती त्यातली शेवटची. मनात वासना असण्या-नसण्याशी तिचा संबंध नाही. सोनोग्राफीत पोटातल्या बाळामध्येही ती दिसलेली आहे. नसा, रक्तवाहिन्या, हार्मोन्स आणि झोप हे सगळं ठीक चाललं असेल तर ती येते.

वयानं ती कमी होते, हे खरं. चाळिशीच्या आसपासपासून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वर्षाला एखाद्या टक्क्यानं उतरत जातं, झोप तुटक होते, रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या लवचीक राहत नाहीत. साठीत रोज सकाळी आली नाही, पूर्वीइतकी कडक नसली, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हळूहळू कमी होणं वेगळं आणि महिनोन्‌महिने अजिबातच न येणं वेगळं. त्या दुसऱ्या गोष्टीला 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. मी सोडून दिलं आणि तेवढं वर्षभर साखर आतून माझं शरीर पोखरत राहिली.

हृदयाचंही तसंच. लिंगाला रक्त नेणाऱ्या धमन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. दोन्हींचं आतलं अस्तर एकाच प्रकारचं. मधुमेह, ब्लडप्रेशर, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांनी ते खराब होऊ लागलं की त्रास आधी बारीक नळीत दिसतो. छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधी ताठरतेची तक्रार सुरू झालेली असते, असं बऱ्याच हृदयरुग्णांमध्ये आढळलं आहे. म्हणजे शरीर आधीच सांगत असतं, आणि आपण लाजेपायी ऐकत नाही.

हे आपल्या एकट्यालाच झालंय असंही वाटतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक अडचण होती. निम्म्याहून जास्त! आणि आपल्याकडे त्याला शब्द काय, तर नपुंसक. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. शुगरवाल्याची नजर अधू झाली तर आपण त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो, शिवी देत नाही.

उलटही असतं. सकाळी ताठरता छान येते, पण बायकोजवळ गेल्यावर येत नाही. तेव्हा रक्तवाहिन्या बहुधा ठीक असतात. कारण ताण, भीती, आपसातला अबोला यात शोधावं लागतं. हे ओळखण्यासाठी १९८०मध्ये डॉक्टरांनी एक साधी युक्ती काढली होती. पोस्टाच्या तिकिटांची पट्टी झोपताना लिंगाभोवती चिकटवायची आणि ती भोकांवर फाटली का ते सकाळी पाहायचं. आता यंत्रं आहेत, पण कल्पना तीच.

आता सगळ्यात कळकळीचं सांगतो. छातीत दुखलं तर जिभेखाली धरायला सॉर्बिट्रेट खिशात बाळगणारे आमच्याच ग्रुपमध्ये दोघे आहेत. ती गोळी घेणाऱ्यानं ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा टाडालाफिल घेतलं तर ब्लडप्रेशर एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. मेडिकलवाल्याच्या कानात कुजबुजून गोळी आणणाऱ्यांना हे कोण सांगणार? आणि भिंतींवर, रेल्वे रुळांच्या कडेला जाहिराती असलेल्या 'आयुर्वेदिक' पुड्या? अशा जडीबुटीच्या नावाखालच्या मालात हेच औषध गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनंही कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. ते कमी आहे की नाही हे सकाळी घेतलेल्या रक्तावरून, तेही दोनदा तपासून ठरतं. ब्लडप्रेशरच्या किंवा मनाच्या काही औषधांमुळेही हा त्रास होतो, पण ती परस्पर बंद करायची नाहीत. डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतात.

याच मराठीत १९२७पासून र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर उघडपणे लिहीत होते. त्यापायी त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. आणि आपण अजून डॉक्टरांसमोरही मान खाली घालून बसतो.

माझी साखर आटोक्यात यायला आठ महिने लागले. चालणं, वजन, औषधं, रात्रीचा भात बंद. पहाटेची ताठरता परत आली, रोज नाही, पण येते. त्याआधी मी आतल्या खोलीत परत आलो होतो. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढंच होतं तर सांगायचं ना हो." तो 'हो' मला अजून ऐकू येतो.

त्या मित्राला मी हे सगळं उतरतानाच सांगितलं. घरी जाऊन तो बायकोशी बोलला. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला जायचंय, ईसीजीही काढायचाय. मी बरोबर चाललोय, किल्ला परवा चढू.