फाइल आईच्या कपाटात

मागच्या डिसेंबरात नागपूरला महाल भागातल्या घरी भाचीशेजारी झोपले होते. थंडी होती, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. दिवा मालवून बराच वेळ झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आत्या, तुला काही ऐकू येऊन राहिलं का?" मी कान दिला. टिक, टिक, टिक. अगदी बारीक, उशीखाली मनगटी घड्याळ ठेवल्यासारखं.

तो तिच्या हृदयातल्या यांत्रिक झडपेचा आवाज होता. सोळाव्या वर्षी तिची हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप बदलली. अशी झडप मिटताना टिकटिक करतेच, शांत खोलीत ती शेजारच्यालाही ऐकू येते. आवाज स्पष्ट येणं चांगलं. तो दबका झाला किंवा येईनासा झाला, तर डॉक्टरांकडे धाव घ्यायची. पण तीन वर्षं ही पोरगी समजत होती की आत काहीतरी सैल झालंय. आईबाबा घाबरतील म्हणून बोलली नाही. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत ते ऐकू येत नाही, म्हणून नागपूरचा उन्हाळा बरा वाटतो, असं तिने मला सांगितलं.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला फार्मासिस्ट आहे. भाचीसारखे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण रोज माझ्यासमोर बसतात. तरी घरच्या मुलीला मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, की बाई गं, तुला तुझ्या आजाराचं काय काय सांगितलंय?

मध्यंतरी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद रंगला. कुठला तरी तरुण जिममध्ये कोसळल्याची बातमी होती. कॉलेजात सगळ्यांचा ईसीजी सक्तीचा करा, असं बहुतेकांचं म्हणणं. मी लिहिलं, ज्यांचा आजार आधीच सापडलाय त्या मुलांना तरी आपण नीट सांगतो का? त्यावर मोठ्या काकांचं उत्तर आलं: "मुलांना जास्त सांगू नये. उगाच घाबरतात." काका प्रेमानेच म्हणाले. निम्मं नागपूर हेच म्हणेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला फाइल मागितली. ती आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. झडप कोणती? "आईला माहीत." पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, किती असायला हवा? "बाबा बघतात." दवाखान्यात सगळं बोलणं दादाशी आणि वहिनीशी झालं होतं, ही बाकावर बसून होती. घरात तीन वर्षं पालक, मेथी, अंबाडी बंद. कुणीतरी "हिरवं टाळा" म्हटलं होतं. खरं तर पालेभाजी रोज साधारण सारख्या प्रमाणात खायची, एकदम वाढवायची किंवा तोडायची नाही, म्हणजे गोळीचा डोस तिच्याशी जुळवता येतो. कंबर दुखली म्हणून मैत्रिणीने दिलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी तिने दोनदा घेतली होती. अ‍ॅसिट्रॉम, म्हणजे तिची रक्त पातळ ठेवणारी गोळी, तिच्यासोबत डायक्लोफेनॅकने रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दात काढायचा तर आधी अँटिबायोटिक लागतं, हेही नाही.

सगळ्यात जास्त लागली ती इंजेक्शनची गोष्ट. तिचा आजार संधिवाती ज्वराचा. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा सुजला, मग सांधे, मग हृदय. तो ज्वर पुन्हा उलटू नये म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, दुखरं, नकोसं. ऑपरेशननंतर ते बंद पडलं. "झडपच बदलली, आता कशाला?" पण बाकीच्या झडपा तिच्या स्वतःच्याच आहेत, त्यांना ज्वराचा धोका तसाच राहतो. ते कधी थांबवायचं हे हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचं असतं. इथे ठरवलं कुणीच नाही, ते आपोआप थांबलं.

आणि लग्न. "जुळेपर्यंत वाच्यता नको," वहिनी म्हणाली. आईचं काळीज मला कळतं. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला हे ठाऊक नको का, की ही रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाला अपाय करू शकते, आणि ती मनाने बंद केली तर झडपेत गुठळी होऊ शकते? मूल हवं असेल तर आधीच हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना भेटून ठरवावं लागतं. हे सासरी गेल्यावर, दिवस राहिल्यावर कळून कसं चालेल?

इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने 2016 साली मार्गदर्शक सूचना काढल्या: मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात जाण्याची तयारी मूल तेरा-चौदा वर्षांचं असल्यापासूनच सुरू करा. नर्स मुलाशी थोडा वेळ आईवडिलांशिवाय बोलते. टॅटू, दारू, गर्भनिरोधक, सगळं विचारते. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांजवळ पिवळी वही असते, तीत आयएनआर आणि डोस लिहायचा.

म्हणून तिथलं सगळं उचलून इकडे आणा, असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे बावीस वर्षांचा एक मुलगा येतो. सगळं तोंडपाठ, वही नीट, आणि आयएनआर 1.4, म्हणजे फार कमी. एकटा राहतो, गोळी राहून जाते, विचारणारं कुणी नाही. दोन तारखा चुकल्या की पत्र येतं आणि नाव यादीतून जातं. आमच्या महालात रात्री नऊला वहिनी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी असते. तीन वर्षांत एक गोळी चुकली नाही. हे कुठल्याही क्लिनिकला जमलेलं मी पाहिलेलं नाही. वहिनीने तिथेच उभं राहावं, फक्त पेल्याबरोबर फाइलही मुलीच्या हातात द्यावी.

डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत गडचिरोली, चंद्रपूरपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट येतात, ओपीडीची रांग मी पाहिली आहे. महात्मा फुले योजनेमुळे गरिबाचं महागडं ऑपरेशन होतं, ही मोठीच गोष्ट. पण ऑपरेशननंतरची चाळीस-पन्नास वर्षं त्या मुलाला एकट्याने काढायची असतात. दवाखान्यातून घरी सोडतात त्या दिवशी नर्सने किंवा समाजसेवा अधीक्षकांनी वीस मिनिटं फक्त त्याच्याशी बोलावं, आणि मराठी-हिंदीत एक छोटी वही द्यावी. ह्याला नवं यंत्र लागत नाही. काका म्हणतात मुलं घाबरतात. आमची मुलगी न सांगितल्यामुळे तीन वर्षं अंधारात घाबरून पडली होती.

निघताना सीताबर्डीतून दोनशे पानी वही घेतली आणि तिच्याकडून पहिलं पान भरून घेतलं: झडप कुठली, गोळी कुठली, आयएनआर 2.5 ते 3.5 च्या मध्ये. गेल्या महिन्यात तिने पानाचा फोटो पाठवला. 2.8. खाली विचारलं होतं, "इंजेक्शनचं डॉक्टरांना बाबा विचारतील की मी?"

"तू विचार," मी लिहिलं.