पैसा येऊ दे, बाया आपोआप येतील?

नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर वाद पेटलाय. कोच अमोल मुजुमदार. बाई का नाही, असं भाचीने विचारलं. भाऊजींचं उत्तर तयार: "बाया येतच नाहीत ना बाप्पा कोचिंगमध्ये! पैसा येऊ दे, आपोआप येतील."

मी अमेरिकेत ओहायोत राहते, म्हणून हे 'आपोआप' मला पचत नाही. इथे 1972 मध्ये 'टायटल नाइन' कायदा आला आणि मुलींच्या खेळावर कॉलेजांना खर्च करणं भाग पडलं. त्याआधी कॉलेजच्या मुलींच्या 90 टक्क्यांहून जास्त संघांच्या कोच बायकाच होत्या. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरलं. पगार सुरू झाले तसे पुरुषांचे अर्ज आले, मुलामुलींचे क्रीडा विभाग एक झाले आणि वरच्या खुर्चीवर पुरुष बसले. 22 वर्षांच्या पॅट समिटने 1974 मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या मुलींची बास्केटबॉल टीम कोच म्हणून हाती घेतली, तेव्हा महिना 250 डॉलर मिळायचे. गाडी तीच चालवायची, गणवेशही तीच धुवायची. तिच्या नावावर 1098 विजय आहेत. आजच्या पगाराची तीच नोकरी 22 वर्षांच्या पोरीला कोण देईल?

माझ्या लेकीच्या टीमचा कोचही पुरुषच. माणूस चांगला आहे, तक्रार नाही.

पण मला आमच्या खो-खोच्या बाई आठवतात. रेशीमबागेच्या मैदानावर पदर खोचून स्वतः फक्की मारायच्या. खांबाजवळ कुणाचा सूर चुकला की दातात शिट्टी धरूनच ओरडायच्या. मानधन शून्य. संघ बाहेरगावी निघाला की त्यांना घरून परवानगी नसे, मग पी.टी.चे सर यायचे. करंडकाच्या फोटोत सर, प्रमाणपत्रावर प्रशिक्षक म्हणून सही सरांची. बाई आल्या नव्हत्या का, भाऊजी?

प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 पासून दिला जातो. क्रिकेटमधल्या बाईला, सुनीता शर्मांना, तो मिळायला 2005 उजाडलं. पैसा येईल त्याच दिवशी मुलींच्या संघांची निम्मी पदं बायकांसाठी राखा आणि दौऱ्यावर कोचच्या लेकराचीही सोय करा, असं मी ग्रुपवर लिहिलं. एकदा खुर्च्या भरल्या की कोण उठतं?

भाऊजींनी अंगठा टाकला. भाची सध्या मानकापूरच्या क्रीडा संकुलात मुलींना शिकवते. तिच्यासाठी खाली लगेच माझ्या बहिणीचा मेसेज: "साडेसातच्या आत येशील ना? पाहुणे येणार आहेत."