‘वेंट’ मुळात ‘गो’चं नाहीच

इंग्रजी शिकवण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, ‘गो’ (जाणे) या क्रियापदाचं भूतकाळी रूप ‘वेंट’ अनियमित आहे, पाठच करा. इतक्यावर सोडू नका हो! ‘वेंट’ हे ‘वेंड’ म्हणजे वळणे, वाट धरणे या वेगळ्याच क्रियापदाचं रूप. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसंच वेंड-वेंट. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ होता. तो मागे पडला आणि साधारण १५व्या शतकात ‘वेंट’ने त्याची जागा घेतली. ‘गॉन’ मात्र अस्सल ‘गो’चंच. ‘हॅव’नंतर तेच लागतं, ‘हॅव वेंट’ चुकीचं. आपल्याकडेही अगदी हेच झालंय: ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचा, तर ‘गेला’ ‘गम्’च्या ‘गत’वरून आलेला. मुलांना आधी फळ्यावर ‘जातो-गेला’ लिहून दाखवा, मग शेजारी ‘गो-वेंट’.