पाय वर घ्या

"काका, संपलाय पिक्चर."

हे मला सांगणारा पोरगा जेमतेम विशीतला. हातात टॉर्च, आणि चेहऱ्यावर गाडी कधीच सुटून गेलेल्या फलाटावर बसून राहिलेल्या म्हाताऱ्याबद्दल वाटते तसली कणव. आणि सांगतो कोणाला, तर मला! शेजाऱ्यांच्या दारात चपला काढून दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' बघितलेल्या माणसाला!

"संपलेला नाही. अजून एक सीन आहे."

"नावं चाललीत, काका."

"नावांनंतर आहे."

पोराने झाडूवाल्या मावशींकडे बघितलं. मावशी वादात पडल्या नाहीत. मागच्या रांगेपासून पॉपकॉर्न लोटत थेट माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पाय वर घ्या."

घेतले. तीनशे ऐंशी रुपयांच्या खुर्चीत मांडी घालून मी पडद्यावर सरकणारी नावं बघू लागलो. सिनेमा जुलै 2025 चा नवा 'सुपरमॅन'. नावं सुरू असताना मध्येच चंद्रावर बसलेल्या सुपरमॅनचा आणि त्याच्या कुत्र्याचा एक छोटा प्रसंग येतो. तेवढ्यावर समाधान मानून लोक उठले होते. उरलो मी आणि दोन खुर्च्या सोडून एक आजोबा. शहर कोसळत असताना ते घोरत होते. आवाज थांबला तशी त्यांना जाग आली.

"कुठवर आलाय?"

"संपला. म्हणजे, संपत आलाय."

"मग तुम्ही का बसलात?"

"शेवटी एक लहानसा सीन असतो."

"मग तो सिनेमातच का नाही घातला?"

मी त्यांना 2008 सालापासूनचा इतिहास सांगितला. 'आयर्न मॅन' संपल्यावर एका डोळ्यावर पट्टी लावलेला माणूस येतो, तू एकटाच नाहीस म्हणतो, आणि तिथून पुढे सगळं जग...

"म्हणजे पुढच्या सिनेमाची जाहिरात."

"जाहिरात नाही हो, तो एक..."

"आणि ती तिकीट काढून बघायची?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. आजोबाही बघू लागले. नातू बाथरूमला गेला होता, त्यांना घाई नव्हती.

"केवढी माणसं ही! आम्ही आख्खा पूल बांधायचो, तरी कोनशिलेवर नाव एकच. तेही मंत्र्याचं." आजोबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. "हे सगळे कोण?"

"व्हिज्युअल इफेक्ट्सवाले. खोट्या इमारती पाडतात."

"खोट्या पाडायला एवढे लागतात?"

खरं सांगतो, मला राग त्या पोराचा नव्हता, आजोबांचाही नव्हता. आमच्या वेळी शेवटी थांबलं की काहीतरी पदरात पडायचं. 1997 साली 'शक्तिमान' सुरू झाला. त्याचाही भाग संपल्यावर एक शेपूट असायचं, 'छोटी छोटी मगर मोटी बातें'. कोणीतरी कार्टं काहीतरी चुकायचं, शक्तिमान समजवायचा, "सॉरी शक्तिमान" म्हटलं की सुटका. उपदेश होता, पण हिशेब तिथल्या तिथे चुकता व्हायचा. आता? 2019 च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' या सिनेमाला तीन तास पोटावर ताबा ठेवून बसलो, वर सगळी नावं वाचली, आणि शेवटी काय मिळालं, तर हातोड्याची ठणठण. नुसता आवाज! त्यानंतर तर एक सिनेमा कळायला आधी दोन मालिका बघून या, असा गृहपाठच सुरू झाला. शाळेत गृहपाठ चुकवणारा मी, पन्नाशीत तो रात्री जागून करतो.

त्यात आमचं सेन्सॉर. या 'सुपरमॅन'मधली तेहतीस सेकंदांची चुंबनं त्यांनी कापली. शहर मधोमध उसवलेलं चालतं, दोन माणसं चिकटलेली चालत नाहीत.

तर अखेर तो सीन आला. सुपरमॅन आणि त्याचा साथीदार मिस्टर टेरिफिक एका इमारतीपुढे उभे. चिरलेली इमारत पुन्हा जोडलीय, पण जोड जरासा...

"सरकलाय!" आजोबा ताठ बसले. "ओळंबाच धरला नाही! डावीकडे बघा, डावीकडे!"

पडद्यावर सुपरमॅननेही तेच सांगितलं. मिस्टर टेरिफिक भडकला आणि तरातरा निघून गेला.

"बघा! कंत्राटदाराला चूक दाखवा, अस्साच जातो! बिल घ्यायला बरोबर परत येतो." आजोबा डोळ्यांत पाणी येईतो हसले. मावशींनीही झाडू थांबवून तो जोड बघितला आणि मान हलवली.

खलास. दिवे लागले. चाळीस वर्षांच्या निष्ठेचं फळ म्हणजे गवंडीकामातली चूक, आणि तीही आजोबांना माझ्याआधी दिसली.

नातू धावत आला. "काय होतं शेवटी?"

"तुला नाही कळायचं. बांधकामातलं आहे," म्हणत आजोबा काठी शोधू लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांचा पुढचा कधी?"

"'सुपरगर्ल'. 26 जून 2026," मी म्हणालो. फोनही काढावा लागला नाही.

"या मग. शेवटाला उठवा मला."