मुलींच्या पोटात गुपित राहत नाही म्हणे!

आज डोकं फिरलंय. भाचीचं नाव सुट्टीच्या शिबिरात घालायला गंगापूर रोडला गेले होते. तिला जादू शिकायचीय. फॉर्म बघून तिथले गृहस्थ म्हणाले, "ताई, प्रयोग मुलं करतात. मुली मदतनीस. हिला मेंदीच्या बॅचला घाला ना."

आम्ही भद्रकालीत वाड्यात राहायचो तेव्हा शेजारचे काका गणपतीत मांडवात जादूचे प्रयोग करायचे. मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते, शिकवा म्हणून. त्यांनी शिकवलं माझ्या भावाला. मला म्हणाले, "मुलींच्या पोटात काही राहत नाही गं." आणि भावाने त्याच रात्री जेवताना नाणं कुठे लपवायचं ते घरादाराला सांगून टाकलं!

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. लंडनचा मॅजिक सर्कल हा जादूगारांचा खासगी क्लब १९०५ साली निघाला. नियम एकच, गुपित फोडायचं नाही. आणि बायकांना प्रवेश नाही. किती वर्षं? १९९१ पर्यंत! याच क्लबचा पहिला अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट. पुढे त्याने जादूची गुपितं मासिकात छापली म्हणून क्लबनेच त्याला काढलं. गुपित फोडणारा कोण निघाला? बाई?

बरं, १९२१ साली लंडनमध्ये सेलबिट या जादूगाराने बाईला करवतीने कापायचा खेळ लोकांसमोर आणला. तेव्हापासून खोक्यात बाईच. १९५६ मध्ये आपले पी. सी. सरकार बीबीसीवर हाच खेळ करत होते, कार्यक्रम एकदम संपला आणि मुलगी खरंच मेली असं वाटून लोकांनी फोनवर फोन केले. खोक्यातल्या मुलीला आत काय चालतं ते सगळं ठाऊक असतं. अवघडून, अंग चोरून अर्धी जादू तीच करत असते. तिच्या पोटात राहतं की नाही गुपित?

गुपित जपायलाच हवं, त्यावर जादूगाराचं पोट आहे, हे मान्य. खासगी क्लबने कुणाला घ्यावं हा त्यांचा प्रश्न, हेही एक वेळ मान्य. पण मग खरं कारण सांगा ना. आमच्या काकांनीही सांगितलं नाही.

सोफी लॉइडचं ऐकलंय? जेनी विन्स्टन्ली या जादूगार बाईंनी याच क्लबात शिरायची योजना आखली आणि सोफीला 'रेमंड' नावाचा मुलगा बनवलं. हात बायकी दिसू नयेत म्हणून सोफीने हातमोजे घालून परीक्षा दिली. हातमोजे घालून हातचलाखी! मार्च १९९१ मध्ये रेमंड क्लबचा सदस्य झाला. ऑक्टोबरमध्ये क्लबने बायकांना दार उघडलं, तेव्हा सोफीने आपण कोण ते सांगितलं. क्लबने तिला फसवणुकीसाठी काढून टाकलं. इतके महिने एवढं मोठं गुपित पोटात ठेवणाऱ्या बाईला!

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ते काका वाईट नव्हते. आजारपणात आईला रिक्षाने दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. भावाला आता एकही जादू येत नाही, आणि मला मात्र त्यांच्या रुमालाची घडी कशी पडायची तेही आठवतं. मी त्यांच्याकडून शिकले असते, चांगली शिकले असते. नाशकात कुणी मुलीला नीट हात धरून जादू शिकवत असेल तर मला कळवा. फी देईन, रोज आणून सोडेन.

क्लबने २०२५ च्या एप्रिलमध्ये सोफीला शोधून काढून सदस्यत्व परत दिलं. शोध घेणारी क्लबची प्रमुख एक बाईच होती, त्या पदावरची पहिली. चांगलं केलं. पण योजना ज्यांची, त्या जेनीबाई २००४ मध्येच अपघातात गेल्या. तेव्हा 'उशिरा का होईना, न्याय मिळाला' असं खाली कुणी लिहू नका. मला आज ते वाचवणार नाही.